कुंकू लावलेला गोळा

वरात रस्त्यात थांबता कामा नये, हा हुकूम तुमचा. थांबली तर गाडी जप्त, हेही तुमचंच. आणि जी गाडी श्वासभरसुद्धा थांबली नाही, ती तुम्हीच धरून आवारात नेऊन उभी केलीत. तोंडावर सांगायचं तर तुम्ही खोटारडे आहात. ज्याला स्वतःच्या हुकमाचा अर्थ कळत नाही त्यानं खुर्चीतून उठावं, रस्त्यावर यावं आणि वरातीपुढं हलगी कशी वाजते ते एकदा उभं राहून बघावं. उभं राहून नव्हे, चालत. उभं राहायला तुमचीच बंदी आहे.

सोलापुरात वरात जाता जाता थांबत नाही, थांबता थांबता जमलं तर थोडी जाते. नवरीच्या मावसभावाला नाचायचं असतं, नवऱ्याच्या मित्रांना त्याच्यापेक्षा जास्त नाचायचं असतं. हलगीवाला गुडघ्यावर बसून गरगर फिरतो, चौकातला पानवाला दुकान उघडं टाकून येतो, आणि हे सगळं होईपर्यंत गाडी उभी असते. पिढ्यानपिढ्या असंच चाललं. मग मागच्या वाहनांचा खोळंबा होतो म्हणून तुमचा, वाहतूक पोलिसांचा, हुकूम आला, की वरात चालतीच राहिली पाहिजे. नाचा, पण चालत नाचा.

हा हुकूम गावात सगळ्यात जास्त झोंबला तो निंगप्पाला.

निंगप्पा अक्कलकोट रोडला एका बंद पडलेल्या तेलमिलच्या मागं राहतो. मिल चालू होती तेव्हा तो मालकाचा ड्रायव्हर होता. मिल बुडाली, मालक गाव सोडून गेले, त्यांची एकोणसाठ सालची दुधी रंगाची अँबॅसिडर मागं राहिली आणि निंगप्पाही मागं राहिला. दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं. लग्नसराईत गाडी वरातीला जायची, एरवी निंगप्पा तिला पुसत बसायचा. त्याची बायको अक्कम्मा म्हणायची, माझ्याकडं एवढ्या मायेनं एकदा बघितलं असतंस तर मी पण दुधी झाले असते.

गाडीत खोट एकच होती, आणि ती मालकानं घातलेली होती. मालक घाईचा माणूस. नाष्टा सोलापुरात आणि जेवण हैदराबादेत, अशी त्याची तऱ्हा. त्यासाठी त्यानं गाडीचा मूळचा गोळा काढून पळणारा गोळा बसवून घेतला होता. गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध गाडीच्या पोटाखाली लोखंडाचा जो फुगा दिसतो, त्याच्या आतलं यंत्र. त्यात एक लहान दातेरी चाक आणि एक मोठं. इंजिनाची फिरकी लहानात येते, लहान मोठ्याला फिरवतं, आणि मोठं गाडीच्या चाकांना. निंगप्पाच्या गोळ्यात लहानाला दहा दात होते आणि मोठ्याला एकोणचाळीस. म्हणजे इंजिनाकडून चार वेळा फिरकी आली की चाक एकदा फिरणार. पळायला हे झकास. पण पळणाऱ्याला चालता येत नाही. पहिल्या गियरमध्ये ती नुसती सोडली तरी हलगीवाल्याच्या टाचांवर जायची. मग क्लच अर्धा दाबून धरायचा, अर्धा सोडायचा, पुन्हा दाबायचा. वरात थांबत होती तोवर हे निभलं. हुकमानंतरच्या पहिल्याच वरातीत कन्ना चौकात क्लच जळाला. गाडीच्या पोटातून धूर आला, आणि साखर पेठेतला नवरदेव खाली उतरून, चिखलातून जाताना धोतर धरावं तसा मुंडावळ्यांचा झुपका हातात धरून, घरापर्यंत चालत गेला. त्या दिवसापासून लोक निंगप्पाला गाडी बोलवायच्या ऐवजी कशी आहे म्हणून विचारायला लागले. आजारी माणसाला विचारतात तसं.

त्यातच त्याच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं लग्न ठरलं. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला आणि बापासारखीच हट्टी. मुलगा बाळीवेशीतला, सिद्राम नावाचा, सरळ आणि हसरा. पण त्याचा चुलता शरणप्पा हा मैंदर्गीचा माणूस, आणि त्याचं तोंड म्हणजे मिरचीकांडप. शरणप्पानं नवी कोरी पांढरी मोठी गाडी घेतली होती, आणि ती कुणाला दाखवता येईल याच्या शोधात तो लग्नात आला होता.

साखरपुड्यात पान खाता खाता त्यानं विषय काढला. वरातीला आमची गाडी आणतो, तुमची राहू द्या म्हणाला. निंगप्पा म्हणाला, माझ्या लेकीची वरात माझ्याच गाडीतून निघणार. शरणप्पानं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"पाव्हणं, पोरगी आमच्या घरी आणायची हाय. गॅरेजला न्हाय."

बैठकीत हशा झाला. निंगप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माणसानं अशा वेळी पाणी प्यावं. निंगप्पानं शब्द दिला.

"माझी गाडी कार्यालयाच्या दारातनं सुटंल ती तुमच्या उंबऱ्यापाशीच टेकंल. मधी एकदा जरी थांबली, तरी दुसऱ्या दिवशी भंगारात घालतो. माझ्या हातानं."

"हौदु," शरणप्पा म्हणाला, म्हणजे कबूल. "आमची गाडी मागनं येतीच हाय. सूनबाईला मधी बसायला लागलं तर एसी चालू ठेवतो."

प्रियदर्शनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं की अप्पांची गाडी थांबली तर ती चालत येईल, पण काकांच्या गाडीत पाय ठेवणार नाही. सासरच्या बायकांनी डोळे मोठे केले. सिद्राम मात्र तिच्याकडं असा बघत राहिला, की त्याच्या हातातला पेढा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंगप्पा विजापूर वेशीत पीरसाबच्या गॅरेजला गेला. पीरसाब म्हणजे त्याच मिलचा जुना मेकॅनिक आणि निंगप्पाचा तेवढाच जुना दोस्त. निंगप्पानं सगळं सांगितलं. पीरसाबनं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, गोळाच बदलायला पाहिजे.

मग तो एकटाच हसायला लागला. सगळी दुनिया गोळा बदलून घेते ती गाडी पळवायला. त्याच्याकडं पोरं यायची, चाचा गाडी उडाली पाहिजे म्हणायची. गाडी हळू करून दे म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्या आयुष्यात हे पहिलंच.

"पळून कुटं जायचंय बे?" निंगप्पा म्हणाला. "बाळीवेशीलाच जायचंय."

पीरसाबला एक जुनी मालगाडी आठवली. रुळावरची नव्हे, त्याच कंपनीची माल वाहायची मोटार. तिच्या गोळ्यात लहान चाकाला सातच दात. साडेपाच वेळा फिरकी आली की चाक एकदा फिरणार. पोती लादून चढ चढायला केलेली, म्हणून ताकद फार आणि पळ काही नाही. तसली एक मोहोळच्या अलीकडं आण्णा नावाच्या एका म्हाताऱ्याच्या वस्तीवर पडून होती. दोघं टेम्पो घेऊन तिथं गेले.

गाडी होती. चाकं जमिनीत रुतलेली, अंगावर घेवड्याचा वेल चढलेला. आण्णा म्हणाला, गोळा न्या, आख्खी न्या, मला काय करायचीय. फक्त एक अट. आत कोंबडी खुडूक बसलीय. ड्रायव्हरच्या सीटवर. ती उठली तर अंडी वाया जातील, तेव्हा आवाज करायचा नाही.

गंजलेले नट हातोडीशिवाय सुटत नाहीत हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्या दोघा साठीच्या माणसांनी त्या गाडीखाली उताणं पडून, एकमेकांशी कुजबुजत, एकेक नट तेल पाजून पाजून सोडवला. पाना निसटला की दोघं श्वास रोखायचे. वरून कोंबडी कुर्रर करायची. आण्णा खाली वाकून ओठांवर बोट ठेवायचा. दोन्ही चाकांकडून लांब दांडे ओढून काढले आणि गोळा हातात आला, तेव्हा ओरडावंसं वाटलं, पण ओरडायची सोय नव्हती. मग दोघं गोळा उचलून पार बांधापलीकडं गेले आणि तिथं जाऊन हसले. निंगप्पा बांधावर बसून एवढा हसला की त्याला उचकी लागली. पीरसाबनं कानशीच्या टोकानं गोळ्यावर बाणाची खूण करून घेतली. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून. गोळ्याच्या कडेला सगळीकडं सारखीच भोकं असतात, तो कसाही बसतो. म्हणून खूण लागते. हे त्याला माहीत होतं, हे इथं मुद्दाम सांगून ठेवतो. नंतर तुम्ही म्हणाल अडाणी माणसं.

गोळा घरी आला आणि अक्कम्माच्या ताब्यात गेला.

लेकीच्या लग्नाची गाडी. तिच्यात नवं काहीतरी बसणार. तसंच कसं बसेल? अक्कम्मानं अंगणात धुतलेलं पोतं अंथरलं. गोळा त्यावर जसा बसला तसा ठेवला, वरखाली न बघता. तिनं रॉकेलच्या बोळ्यानं तो असा घासला की दुकानातली कढई वाटावी. बाणाची खूण तिला गंज वाटली. तीही तिनं वाळूनं घासून काढली. मग वरच्या अंगाला विभूतीचे तीन पट्टे ओढले, मधोमध ठसठशीत कुंकू लावलं, हळद वाहिली, नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा पीरसाबच्या हातावर ठेवला. पीरसाबनं तो डोळ्यांना लावला. लोखंडाचा तो गोळा पोत्यावर कपाळ वर करून बसलेल्या तान्ह्या पोरासारखा दिसत होता.

पीरसाब गाडीखाली गेला. निंगप्पानं गोळा त्याच्या छातीवर दिला. पीरसाबनं अंधारात बोटांनी खूण चाचपली. खूण नव्हती. बोटाला ओलं कुंकू लागलं.

"वैनी, कुंकू वर घ्यायचं का खाली?" त्यानं गाडीखालूनच विचारलं.

"खाली असतंय व्हय कुंकू?" अक्कम्मा म्हणाली. "माणसाचं कपाळ कुटं असतंय?"

पीरसाबनं कुंकू वर घेतलं. दुसरं काय करणार होता? मैत्रिणीसारख्या भावजयीनं लग्नघरात लावलेलं कुंकू, ते तो जमिनीकडं तोंड करून बसवणार होता? त्याच्या जागी कुणीही असता तरी कुंकू वरच घेतलं असतं. तुम्हीसुद्धा. घेतलं नसतंत तर तुम्हाला सोलापुरात राहायचा हक्क नाही.

इंजिनाकडून येणारा लांब दांडा जोडताना त्याला जरा चमत्कारिक वाटलं. तोंड जरा वर आलंय बे, असं तो म्हणाला. निंगप्पा म्हणाला, नवी सून पहिल्यांदा पाटावर बसली की तशीच अवघडल्यासारखी दिसते, सवय होईल. नट आवळले, तेल भरलं, गाडी मागून लाकडी ठोकळ्यांवर उचलून चालू केली. निंगप्पानं पहिला गियर टाकला. मागची चाकं फिरायला लागली. सावकाश, राजेशाही, एखाद्या गादीवरल्या शेठजीनं मान वळवावी तशी. अक्कम्मानं टाळ्या वाजवल्या. पीरसाबनं निंगप्पाला मिठी मारली. चाक फिरतंय एवढंच सगळ्यांनी बघितलं. कुठल्या बाजूला फिरतंय, हे बघायचं असतं असं एकाच्याही मनात आलं नाही. लग्नघरात कुठली गोष्ट कुठं चाललीय हे कोण बघतं?

गाडी जरा रस्त्यावर फिरवून आणू, असं पीरसाब म्हणाला होता. अक्कम्मानं आडवं लावलं. नव्या गोळ्याची गाडी पहिलं पाऊल टाकणार ते नवरीला घेऊनच. तोवर तिनं स्वतः होऊन चालायचं नाही. म्हणून लग्नाच्या दिवशी फुलवाल्यानं ती अंगणातच सजवली, आणि भाच्यांनी ढकलत ढकलत रस्त्यापलीकडच्या कार्यालयात नेली.

अक्षता पडल्या. जेवणं झाली. उन्हं जरा कलली तशी वरात सज्ज झाली. पुढं हलग्या, मग माणसं, मग झेंडूत बुडालेली दुधी गाडी, आणि तिच्या मागं एसी चालू ठेवून शरणप्पाची पांढरी गाडी. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. प्रियदर्शनी आणि सिद्राम मागं बसले. निंगप्पा कोशाचा फेटा बांधून पुढं बसला. त्यानं मनात सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं, स्टेअरिंगच्या बगलेतली गियरची दांडी पहिल्यात टाकली आणि क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

निंगप्पाला वाटलं आपण चुकलो. त्यानं दांडी काढून परत पहिल्यात टाकली. गाडी परत मागं. लिंबं होती तिथंच टवटवीत. मागं शरणप्पा गाडीतून उतरून दोन्ही हात पसरून आपल्या नव्या बंपरपुढं उभा राहिला. हलगीवाल्यांना वाटलं हीच काहीतरी नवी रीत असेल, त्यांनी ठेका वाढवला. निंगप्पानं दुसरा टाकला. गाडी जरा जोरात मागं. शरणप्पानं डोळे मिटले. ब्रेक वेळेवर लागला.

अजून निघालो नाही, निंगप्पा स्वतःला सांगत होता, अजून सुटलीच नाही, म्हणून हे थांबणं धरायचं नाही. फेट्यातून घाम डोळ्यात येत होता. आरशात लेक दिसत होती. हातभर बांगड्या, कपाळावर बाशिंग, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आता हसू फुटणार असं दिसत होतं. ते बघून तर निंगप्पाला रडूच यायला लागलं. उद्या भंगारवाला येणार. दुधी पत्रा कापणार. आणि बाळीवेशीत जन्मभर सांगतील, हिचा बाप वरात मागं नेत होता.

पीरसाब खिडकीपाशी आला. त्यानं गियरच्या दांडीकडं बघितलं, मागच्या चाकाकडं बघितलं, बोटाच्या पेराला राहिलेल्या कुंकवाकडं बघितलं. त्याला सगळं कळलं. गोळा उलटा बसला होता. मोठं दातेरी चाक लहानाच्या ज्या अंगाला असायचं त्याच्या दुसऱ्या अंगाला गेलं होतं. एका अंगानं फिरवलं तर गाडी पुढं जाते, दुसऱ्या अंगानं फिरवलं तर मागं. आता गाडीला मागं जायचे चार गियर होते आणि पुढं जायचा एकच.

तो त्या एका गियरचा विचार करायला लागला आणि हसत हसत रस्त्यावरच बसला. निंगप्पा त्याला शिव्या देत होता. पीरसाब कसाबसा खिडकीला धरून उठला.

"निंग्या, रिव्हर्स टाक."

"मागं तर चालल्याय बे अगोदरच!"

"टाक तू. वैनीच्या कुंकवाची आण."

निंगप्पानं दांडी रिव्हर्सला ओढली, जीव मुठीत धरला आणि क्लच सोडला. लिंबं पच्च करून फुटली.

गाडी पुढं निघाली. आणि कशी निघाली! रिव्हर्स म्हणजे कुठल्याही गाडीचा सगळ्यात जड, सगळ्यात संथ गियर. त्यात सात दातांचा गोळा. निंगप्पानं दोन्ही पाय सगळ्या पायपट्ट्यांवरून उचलून घेतले. ना क्लच, ना ब्रेक, ना अ‍ॅक्सिलरेटर. गाडी आपली आपण चालली होती. हलगीवाला गुडघ्यावर बसला, गरगर फिरला, उठला, आणि तेव्हा कुठं बंपर त्याच्या पाठीशी आला. पोटातलं पोर घेऊन आठव्या महिन्यातली बाई जशी चालते, तशी ती चालली होती. कुणासाठी थांबायचं नाही आणि कुणाला धक्का लागू द्यायचा नाही.

प्रियदर्शनीचं हसू फुटलं ते फुटलंच. तिनं सिद्रामला कोपरानं ढोसलं. तो चालत्या गाडीचं दार उघडून उतरला, पुढं जाऊन दोस्तांबरोबर नाचला, परत येऊन तिच्याशेजारी बसला, आणि त्याला पळावं लागलं नाही. मग हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. अशोक चौकापर्यंत निम्मी वरात गाडीत चढून उतरून झाली होती. म्हाताऱ्या आत्याबाई एका दारानं आत गेल्या, नवरीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडून दुसऱ्या दारानं बाहेर पडल्या. चहावाल्यानं निंगप्पाला खिडकीतून पेला दिला, आणि निंगप्पानं तो फुंकर घालून पिऊन परत दिला तेव्हा चहावाला अजून आपल्याच टपरीसमोर होता. कुणी म्हणालं, निंगप्पा, ही गाडी चाललीय का रस्ता मागं सरकतोय? अक्कम्मा गाडीच्या पुढं मान ताठ करून चालली होती आणि भेटेल त्याला सांगत होती, कुंकवाचा गुण.

शरणप्पा मात्र गाडीशेजारून कमरेत वाकून चालला होता. त्याची नजर मागच्या चाकावर. त्यानं टायरवर खडूनं पांढरी रेघ मारून घेतली होती आणि ती रेघ कुठं अडते याची तो वाट बघत होता. रेघ खाली जायची. वर यायची. एकदा कन्ना चौकाच्या अलीकडं तो ओरडला, "निंत्ता! निंत्ता!" थांबली, थांबली. सगळ्यांनी वाकून बघितलं. रेघ मुंगीच्या पावलानं सरकत होती. बायकांनी शरणप्पाला बघून तोंडाला पदर लावले.

तेवढ्यात मागून वास आला. जळक्या रबराचा. शरणप्पाची पांढरी गाडी त्या चालीनं मागं येता येता थकली होती. तिच्या ड्रायव्हरनं क्लच दाबला, सोडला, दाबला, आणि आता बॉनेटच्या फटीतून धुराची एक बारीक, लाजरी रेघ वर येत होती. गाडी थांबली. एसीसकट. शरणप्पा तिच्याकडं बघत राहिला, मग दुधी गाडीकडं. ती पुढं चालली होती, पण एवढी हळू की त्याला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. शेवटी तो चार पावलं चालून आला आणि तिच्या मागच्या बंपरवर बसला.

"बसा, पाव्हणं," निंगप्पा आतून म्हणाला. "एसी न्हाय, पण वारा लागंल. थोडा."

आणि मग कन्ना चौकात निंगप्पाला राहवलं नाही. आयुष्यभर तो वरातीत स्टेअरिंग धरून बसलेला. त्याच्या पुढं अख्खं सोलापूर नाचलं आणि तो मात्र क्लच दाबत राहिला. त्यानं प्रियदर्शनीला हाक मारली. ती सीटच्या पाठीवरून पुढं आली, बाशिंग सावरत तिनं स्टेअरिंग धरलं, आणि तिचा बाप दार उघडून रस्त्यावर उतरला. त्याला नाचता येत नव्हतं. तो फेटा सोडून नाचला. पीरसाब त्याच्यासमोर येऊन नाचला. अक्कम्मानं चारचौघांत कधी हात वर केला नव्हता. तिनं दोन्ही केले. नवरी स्वतःच्या वरातीची गाडी चालवत होती आणि गाडी कुणाच्याही मदतीशिवाय चालत होती.

कोंतम चौकात तुमचा माणूस उभा होता. त्यानं शिट्टी मारली. निंगप्पा पळत जाऊन परत सीटवर बसला. तुमचा माणूस म्हणाला, गाडी थांबवा. निंगप्पानं हात जोडले, म्हणाला, साहेब, थांबायचं नाही असा हुकूम आहे. तो म्हणाला, माझाच हुकूम आहे, मी सांगतो थांबव. निंगप्पा म्हणाला, मग आधीचा हुकूम माघारी घेतल्याचं सांगा, चौकात सगळ्यांसमोर सांगा, थांबतो. ते त्याला सांगता येईना. मग गाडी चाललेली आणि तुमचा माणूस खिडकीला धरून शेजारून चाललेला, अशी सगळी चौकशी झाली. एवढी हळू का? वेग कमी असू नये असं हुकमात कुठं आहे, साहेब? दांडी कशात आहे? रिव्हर्सात. मग पुढं कशी जाते? गोळा उलटा आहे. का उलटा आहे? कुंकू वर आहे. इथं त्याला राग आला. त्याला वाटलं थट्टा चाललीय. बाळीवेस येईपर्यंत तो चालत होता आणि हलगीच्या ठेक्यावर त्याचे पाय पडत होते, हे त्याला स्वतःला कळलं नाही, पण शेकडो माणसांनी बघितलं.

गाडी सिद्रामच्या उंबऱ्यापाशी आली. निंगप्पानं पहिल्यांदा ब्रेकवर पाय ठेवला. शरणप्पा बंपरवरून उतरला, कमरेला हात लावून सरळ झाला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "न्हाय थांबली." त्याला ते कडू लागलं, पण म्हणाला. तेवढा सरळपणा त्याच्यात होता. प्रियदर्शनीनं माप ओलांडलं. निंगप्पा गाडीच्या बॉनेटला टेकून लहान पोरासारखा हुंदके देत हसत होता.

वरात वाटेत थांबली म्हणत तिथंच तुम्ही गाडी धरलीत. तुमची जीप दोन हातांवर मागं उभी होती. तुमचा ड्रायव्हर गाडी न्यायला आत बसला. निंगप्पानं त्याला सांगितलं, साहेब, पहिला टाकू नका. तुमचा माणूस म्हणाला, आम्हाला शिकवू नको. पीरसाबनं सांगितलं. अक्कम्मानं सांगितलं. शरणप्पानं तर कानडीतूनही सांगितलं. तुमच्या ड्रायव्हरनं पहिला टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि झेंडूच्या माळांसकट दुधी गाडी तुमच्या जीपच्या तोंडात जाऊन बसली.

आता तुम्ही म्हणता धडक निंगप्पानं दिली. म्हणता गाडी सदोष आहे, गोळा सरळ करून आणा, मग बघू. अक्कम्मा सांगते, गोळ्याला हात लावू देणार नाही, माझी लेक त्या कुंकवानं घरी पोचली. इकडं पुढच्या सराईत वरातीला हीच गाडी पाहिजे म्हणून घरी माणसं येऊन बसली आहेत. पहिला आलाय तो शरणप्पा, त्याच्या धाकट्यासाठी. आणि गाडी तुमच्या आवारात उन्हात उभी आहे, तिच्यावरची फुलं वाळून गेली आहेत.

तेव्हा आता टाळू नका. जीप फुटली तेव्हा स्टेअरिंगवर निंगप्पाचे हात होते की तुमच्या माणसाचे? आणि ती गाडी तुम्ही कुठल्या दिवशी सोडताय? उत्तर द्या.